पेटीसकटचं माप

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार शेवटी, जागा उरली तर. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि बाबांच्या खोलीची भिंत पातळ आहे, म्हणून कागद. शेडमध्ये पिकअपच्या मागच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहितेय. खाली बसले की कुणीतरी हाक मारतं.

तर काम असं. नदीवरच्या पुलावर आता हळू चालणारी वाहनं बंद. परवा ट्रॅक्टर घेऊन निघाले तर पुलाच्या तोंडाशी एकानं शिट्टी मारून थांबवलं. म्हणाला, ताई, हा ट्रॅक्टर आहे की शिवणयंत्र? मी म्हटलं, शिवणयंत्र असेल तर सोडा मग. नाही सोडलं.

आणि मी पलीकडे लिंबाच्या बागेचं काम घेऊन बसलेय. बाग एका आजीबाईंची आहे. स्वभावानं लिंबावरच गेल्यात. त्यांची अट अशी, की ऊन तापायच्या आत, म्हणजे मार्च संपेपर्यंत, झाडांखालचं वाळकं गवत कापलेलं दिसलं पाहिजे. एक ठिणगी पडली तर बाग जाईल म्हणतात, आणि खोटं नाही. गवत राहिलं तर बाग दुसऱ्याला. दुसरा तयारच आहे, कुंपणाशी घिरट्या घालत असतो.

म्हणून ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचा आणि पिकअपनं ओढून न्यायचा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे घोड्याला टांग्यात बसवायचं.

सोबत एका ट्रेलरच्या जाहिरातीचं कात्रण आहे. एका एक्सलचा आहे, म्हणजे दोनच चाकांचा, पण साडेसहा फूट रुंद. तेवढी रुंदी मला हवीच. तू दिवसभर हेच जोडत असतोस, तर घेऊ की नको एवढंच सांग. व्याख्यान नको.

भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

घेऊ नकोस. झालं. आता व्याख्यान.

एका एक्सलचा ट्रेलर गवताच्या भाऱ्यांना बरा. पुलावर मधोमध टायर फुटला तर दोन एक्सलचा लंगडतो, एका एक्सलचा सरळ बसतो. शिवाय तुझ्या कात्रणातल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. तू पिकअपचा ब्रेक दाबणार, पिकअप थांबणार, पण मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला हे कोण सांगणार?

आणि खरी गोम वजनात असते. ट्रेलरवर वजन किती, यापेक्षा ते कुठे बसतं याला महत्त्व. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि मग शेपटी कुत्र्याला हलवते. पुढे जास्त झालं की पिकअपचा मागचा भाग बसतो आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. बेताचं वजन नाकावर, म्हणजे पिकअपला अडकतो त्या टोकावर हवं. म्हणून आम्ही पुढे एक आडवी पट्टी वेल्ड करतो. ट्रॅक्टरची पुढची चाकं तिला टेकली की समजायचं, बरोबर जागी उभा आहे. त्या पट्टीची जागा चुकली की सगळंच चुकलं. कात्रणात ती पट्टीच नाही.

मी पुन्हा कारखाना बदललाय, वरचा पत्ता बघ. आधीच्या ठिकाणी मालक चांगला होता, काम चांगलं होतं. तरी सकाळी उठलो की पायाला मुंग्या यायच्या. इथेही यायला लागल्यात. खोलीत अजून पिशव्या उघडल्या नाहीत.

बाबांचं विचारत नाहीये. तूही सांगू नकोस. गुडघा कसा आहे?

दादा

१७ फेब्रुवारी

दादा,

गुडघा तू विचारलेला नाहीस म्हणून सांगत नाही, की जिना उतरताना भिंतीला हात लावतात आणि मी बघितलं की भिंत तपासल्यासारखं करतात. ओल आलीय का बघतोय म्हणतात.

ट्रेलर क्रमांक दोन आणि तीन, कात्रणं सोबत. दोनच्या खाली दोन एक्सल, ब्रेक, आणि मागे दुमडणारा रॅम्प. तीन त्याहून भारी, त्याचा लाकडी तळ बघून मलाच त्यावर आडवं व्हावंसं वाटलं. दोन्ही साडेसहा फुटी. दुकानदार मागे लागलाय, रोज विचारतो, घरी विचारलंत का. मी म्हटलं, घरचा माणूस बाहेर असतो. त्याला वाटलं नवरा. म्हणाला, साहेबांचा ट्रॅक्टर केवढा आहे? मी म्हटलं, साहेबांना ट्रॅक्टर चालवता येत नाही. एकदम आदरानं बोलायला लागला.

तू एकदा येऊन बघून जा ना. ट्रॅक्टरच्या पोटाखाली मी गवत कापायचं पातं बसवलंय, ते तू बघितलेलंच नाहीस. दोन तासांत मापं घेशील, हवं तर परत जा. मी बाबांकडे सहज विषय काढला. दादाला बोलवू का म्हटलं, ट्रेलर बघायला. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, त्याचं इथे काय काम.

दर वेळी हेच वाक्य, तुला माहीतच आहे. नऊ वर्षांत शब्दही बदलत नाहीत रे.

उत्तर लवकर दे. गवत माझ्या कमरेला लागलंय. आजीबाई फोन करून नुसतं "आज ऊन आहे हं" एवढंच सांगतात आणि ठेवतात.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

दोन नको. पोटाखाली पातं आहे म्हणतेस, मग रॅम्प आखूड चालत नाही. रॅम्प संपून तळ सुरू होतो त्या कोपऱ्यावर पातं घासणार. रॅम्प लांब हवा म्हणजे चढ कमी. तीन पण नको. नाक जड आहे, चित्रावरूनच दिसतंय.

येण्याचं म्हणशील तर ते तुला माहीत आहे. मी निघालो तेव्हा तू शेडच्या दारात होतीस, ऐकलंस. पेरणी अर्ध्यावर होती आणि मी पिशवी उचलली. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "जा. पण या घरात पाहुणे नकोत. काम असेल तर ये." नऊ वर्षं मी वाट बघतोय की त्यांच्याकडे माझ्यासाठी एखादं काम निघेल. एक खिळा ठोकायला बोलावलं असतं तरी आलो असतो. तुझ्यासाठी आलो तर पाहुणाच होणार ना. दारात उभा राहून माप घेणारा पाहुणा.

आता एक प्रश्न. तिन्ही ट्रेलर साडेसहा फुटी. एकदा असतं तर सोडून दिलं असतं. आपल्या शेडच्या दाराची चौकट मी बसवलीय, बाबांच्या हाताखाली, पहिलं मोठं काम. ती सहा फुटी आहे. साडेसहा फुटांचा ट्रेलर त्यातून आत जात नाही, आणि ट्रॅक्टर चढवलेला ट्रेलर बाहेर उघड्यावर ठेवणारी तू नाहीस.

मग हा ट्रेलर राहणार कुठे? ट्रॅक्टर राहणार कुठे?

उत्तर मला माहीत आहे असं वाटतंय. म्हणून विचारतोय.

दादा

१ मार्च

दादा,

माहीत आहे तर मग माझ्याकडून कशाला वदवून घेतोस. बरं, घे.

बागेबरोबर दोन खोल्या आहेत. खिडकीतून हात काढला की लिंबू तोडता येतं. आजीबाईंना बाग कसणारं कुणीतरी तिथेच राहणारं हवंय, आणि मला राहायचंय. शेजारी मोठी शेड आहे, दरवाजा नसलेली, तिथे कितीही रुंद ट्रेलर मावतो. एक एप्रिलपासून. रविवारी पुलावरून ट्रॅक्टर घेऊन येणार, घरच्या तुकड्याचं गवत कापणार, बाबांचं आठवड्याचं बघणार, परत. म्हणून भाड्यानं नको, स्वतःचा ट्रेलर हवा. येणं-जाणं कायमचं आहे.

बाबांना खोल्यांचं सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

नऊ वर्षं त्यांच्या पहिल्या खोकल्याला मी उठते. त्यांनी खोकायच्या आधी उठते आणि खोकल्याची वाट बघते. माझं नाव भिंगरी कुणी ठेवलं होतं, तूच ना? भिंगरी एकाच जागी फिरते दादा. लांबून बघणाऱ्याला वाटतं केवढी धावपळ.

आणि आता खरं ते बोलू. तुला ट्रेलरमध्ये खोट दिसत नाहीये. एक झाला, दोन झाला, तीन झाला, प्रत्येकात काहीतरी. तुला दिसतंय ते हे, की मी पलीकडे गेले की अलीकडे बाबा एकटे आणि मग नाव तुझं निघणार. तू हे मनात आणलं नसशील, हातांनी आणलं असेल, पण आणलंस.

तू गेलास तेव्हा तुझ्या गाडीचा एक्सल कुणी तपासला नव्हता.

भिंगरी

४ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. दोन दिवस भांडत होतो तुझ्याशी, इथल्या इथे, ग्राइंडर चालू ठेवून. हरलो.

दुसरा ट्रेलर बरा होता. रॅम्प बदलून दिला असता त्यांनी.

तरी घेऊ नकोस. मी करतोय.

दादा

७ मार्च

दादा,

करतोयस म्हणजे? कधी? कुठे? आजीबाईंचं ऊन रोज वाढतंय. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं तर तो साहेबांवर रुसला. हे जर लांबलं तर माझी बाग गेली, आणि मग मी पुन्हा कधी पिशवी भरेन असं वाटत नाही. एकदाच एवढं बळ येतं माणसाला.

मापं पाठवू का? टेप घेऊन बसते. चाकापासून चाकापर्यंत की टोकापासून टोकापर्यंत, एवढं फक्त कळव.

भिंगरी

१२ मार्च

भिंगरे,

मापं नकोत. इथल्या गिऱ्हाइकांकडून मी तीन-तीनदा मापं मागतो, सह्या घेतो. पण तो ट्रॅक्टर मला पाठ आहे. डोळे मिटले की दिसतो. जरा पुढे झुकलेला, डाव्या मडगार्डला पोचा, सायलेन्सरवर उलटा ठेवलेला डबा. पात्याची उंची तेवढी कळव.

मालकाला म्हटलं सुट्टीच्या वेळात करतो, लोखंड माझं. त्यानं ट्रेलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, घरचं दिसतंय. कशावरून म्हटलं. म्हणाला, कडा घासतोयस. गिऱ्हाइकाच्या कडा कोण एवढ्या घासतं.

दोन एक्सल, चारी चाकांना ब्रेक, रुंदी तुला हवी तशी साडेसहा फूट. रॅम्प लांब, दोन भागांत, तुला एकटीला उचलता येईल एवढा. साखळ्या अडकवायला आठ कड्या. पुढची पट्टी वेल्ड करताना हात जरा थांबला, कारण तिथे चुकलं तर मग काही अर्थ नाही. पण नाही, बरोबर बसलीय. मागचे दिवे तीनदा तपासले. लाल रंग दिलाय, ट्रॅक्टरचाच. उरलेला रंग होता म्हणून, दुसरं काही नाही.

आमचा माल पोचवणारा ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात तिकडूनच जातोय, त्याच्या मागे जोडून देतो. मी येत नाही. बाबांना सांग दुकानातून घेतला. माझं नाव काढू नकोस, नाहीतर ते त्याला हात लावणार नाहीत आणि तुलाही लावू देणार नाहीत. मला तू पुलापलीकडे पोचायला हवी आहेस, हे आता हातांनीही कबूल केलंय.

दादा

२३ मार्च

दादा,

आज मात्र बसून लिहितेय. गुडघ्यावर कागद आहे, अक्षर समजून घे.

ट्रेलर गुरुवारी आला. काय देखणा केलायस रे. ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा बाबा पायरीवर उभे होते. मी सांगितलं, दुकानातून. ते हूं म्हणाले.

ट्रॅक्टर चढवला. रॅम्पवर पातं घासलं नाही, तुला शंभर मार्क. पुढची चाकं पट्टीला टेकली, मी उतरले, मागे जाऊन बघितलं तर काय. ट्रॅक्टरच्या मागे जागा. थोडीथोडकी नाही, चांगली दोन-अडीच फूट रिकामी. पिकअपची मागची बाजूही जरा बसली होती. तूच लिहिलं होतंस ना, पट्टी चुकली की सगळंच चुकलं. मी तिथेच उभी राहून तुला काय काय म्हटलं ते कागदावर येणार नाही. म्हटलं, जगाची मापं तीनदा घेतो आणि घरचं एकदाही नाही. संपलं. पट्टी कापायची, पुन्हा वेल्ड करायची, आणि महिना संपत आलाय.

बाबा काठी टेकत खाली आले. ट्रेलरला एक चक्कर मारली. मग दुसरी, उलट्या बाजूनं. मागे थांबले आणि काठी आडवी करून त्या रिकाम्या जागेत धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं आता दुकानदाराचा उद्धार होणार.

म्हणाले, "पेटी कुठंय?"

मी म्हटलं, कुठली पेटी? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दुसऱ्याच्या घरून आलेय. "हे माप पेटीसकटचं आहे."

दादा, पेटी. ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजारं अडकवायच्या दोन लोखंडी हातांवरची लाकडी पेटी, जिच्यात आपण दोघं उभे राहायचो, कडेला धरून, आणि बाबा मुद्दाम खड्ड्यातून न्यायचे. मी चार वर्षांपूर्वीच काढून ठेवली. ते हात मला दुसऱ्या अवजारांना लागायचे. तुला लिहायचं सुचलंच नाही, कारण मला वाटलंच नाही की कुणी अजून तिच्यासकट मोजत असेल.

 त्यांनी विचारलं नाही की कुणी केला. काय विचारणार? पेटीसकट तो ट्रॅक्टर पाठ असलेली माणसं जगात किती? फक्त वाकून एका सांध्यावरून अंगठा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे.

पेटी शेडच्या टोकाला रिकाम्या गोण्यांखाली होती. मी ओढून आणली. बाबा स्टूल मागवून बसले आणि हुकूम सोडायला लागले, असं धर, तसं नको, तुला काय कळतंय. शेवटचे नट मात्र माझ्या हातातून पाना काढून घेऊन स्वतः आवळले. साखळ्या आणि हत्यारं पेटीत टाकली. पुन्हा चढवला. पेटीची कड आणि ट्रेलरची कड, मध्ये बोटभर जागा. पिकअप सरळ उभी राहिली.

तेव्हा मी त्यांना खोल्यांचं सांगितलं. पाठमोरे होते म्हणून सांगता आलं. ते नट पुसत होते. म्हणाले, मला माहीत आहे, शेडच्या दारातून न जाणारा ट्रेलर कुणी उगाच घेत नाही. मग म्हणाले, पुलावर घाई करू नकोस.

तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही हे बरंच आहे. एकच डोकं आहे, दोनदा कशाला ऐकायचं.

काल पूल ओलांडला. शिट्टीवाला बघत राहिला, पुढून, मागून, आणि हात दाखवून जा म्हणाला. अर्ध्या बागेचं गवत कापून झालं. उरलेलं दोन-तीन दिवसांत. आजीबाईंनी फोन केला आणि ठेवायच्या आधी पहिल्यांदाच दुसरं काहीतरी बोलल्या, किल्ली कुंडीखाली आहे म्हणाल्या.

पण मागे वळून बघते ना, तर पायरीवर ते एकटेच दिसतात. बळ आलंय ते टिकव म्हणून स्वतःलाच सांगतेय. पिशवी भरतेय, उपसतेय.

परत आले तर बाबांनी कागद मागितला. लिहून, घडी घालून दिला. तुझ्या पत्रात घाल म्हणाले. म्हणजे आपली पत्रंही त्यांना माहीत होती. भिंत पातळ आहे म्हणून आपण कागदावर आलो, पण पोस्टमन आधी पायरीवरच थांबतो हे विसरलो.

वाचलेला नाही. जशाचा तसा घालतेय.

भिंगरी

(आतला कागद)

ट्रेलर मिळाला. काम ठीक आहे.

मागचा डावा दिवा सैल आहे. पुलावरून असा नेणं बरोबर नाही. इथे कुणाला ते जमणार नाही.

येऊन करून जा. काम आहे.

बाबा

२७ मार्च

भिंगरे,

पिशवी भर आणि आता उपसू नकोस.

डावा दिवा सैल नव्हता. तीनदा तपासला होता, तुला लिहिलंही होतं. मागचं पत्र काढून बघ. आतून पत्रा लावून नट वेल्ड केलाय, हातोड्यानंही हलणार नाही. शिट्टीवाल्यानं मागून बघून जाऊ दिलं ते उगाच नाही.

सैल नसलेला दिवा घट्ट करायला किती दिवस लागतात ते मला माहीत नाही. आधी कधी केलेलं नाही. बरेच लागतील असं धरून चाललोय. जिन्याला अजून कठडाही नाहीये, तू लिहिलंस त्यावरून. हत्यारं सगळी घेतली. खोलीतल्या पिशव्या उघडल्याच नव्हत्या, तेवढा त्रास वाचला.

रविवारी पोचतो. तू एक तारखेला निघ.

मालकानं विचारलं, आता कुठला कारखाना? म्हटलं, कारखाना नाही. घरी काम निघालंय.

दादा